प्रवाळ सोलवटू लागले की आधी मोजमाप, मग बाटली

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घरातील खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांविषयी नियतकालिकांत जे लेखन येते, ते बहुधा रंग, दिवे आणि खर्च यांच्यापुढे जात नाही. प्रवाळ पाळणाऱ्याला सर्वांत जास्त धास्ती असते ती सांगाड्यावरून जिवंत ऊती सुटत जाण्याची, आणि तिच्याविषयी मराठीत फार थोडे वाचायला मिळते. जे सल्ले तोंडोतोंडी फिरतात, त्यांत निदान कमी आणि औषधांची नावे जास्त असतात. रात्री फुललेली फांदी सकाळी पांढरीफटक दिसली की माणूस घाबरणारच. परंतु त्या घाबरण्याच्या भरात टाकीत एकामागून एक द्रव ओतले जातात, निम्मे पाणी बदलले जाते, दिवे कमी केले जातात आणि जी प्रवाळे तोवर धडधाकट होती तीही दुसऱ्या दिवशी आक्रसून बसतात. माझे म्हणणे एवढेच आहे की, ऊती सुटू लागल्यावर उपचार त्या तुकड्यावर करावा, संपूर्ण टाकीवर करू नये. आणि टाकीच्या पाण्याला हात लावायचाच असेल, तर मोजमाप झाल्यावर, मोजून आलेल्या आकड्यापुरताच लावावा.

पहिला गोंधळ पांढरेपणाचा होतो. विरंजनात, म्हणजे ब्लीचिंगमध्ये, प्रवाळाच्या ऊतींत राहणारी झूझँथेली ही सूक्ष्म शैवाले निघून जातात. ऊती मात्र जागेवरच असतात, पारदर्शक झालेल्या, आणि त्यांतून खालचा सांगाडा दिसतो. भिंगातून पाहिले तर पॉलिपांची, म्हणजे वसाहतीतल्या एकेका इवल्या जीवाची, शुंडके हलताना दिसतात. असे प्रवाळ उपाशी असते, मेलेले नसते. प्रकाश थोडा उतरवला, तापमान ताळ्यावर आणले आणि बारीक खाद्य मिळत राहिले, तर काही आठवड्यांत त्याचा रंग परतू शकतो. ऊती सुटतात तेव्हा मात्र कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा उघडा पडतो, बोट लावल्यास तो खरखरीत लागतो आणि थोड्याच दिवसांत त्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ धरते. या दोन अवस्थांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि चुकीच्या निदानावर दिलेला डिप, म्हणजे औषधी द्रावणात थोडा वेळ बुडवणे, विरंजन झालेल्या प्रवाळाला उगाच आणखी दुबळे करतो.

ऊती सुटण्याचा वेग हा निदानातला पहिला धागा. अ‍ॅक्रोपोरासारख्या पातळ ऊतींच्या प्रवाळात काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, अख्खी वसाहत उघडी पडू शकते. हा वेगवान प्रकार प्रवाळपालकांत ‘आरटीएन’ म्हणून ओळखला जातो आणि बुंध्यापासून दिवसागणिक थोडाथोडा वर सरकणारा प्रकार ‘एसटीएन’ म्हणून. वेग ओळखण्यासाठी दिवसरात्र पहारा करावा लागत नाही. उघड्या सांगाड्यावर शेवाळ धरायला काही दिवस लागतात, त्यामुळे जिवंत ऊती आणि शेवाळलेला भाग यांच्यामधला लख्ख पांढरा पट्टा जितका रुंद, तितका ऱ्हास वेगात चाललेला असतो. पट्टाच नसेल, शेवाळ थेट जिवंत कडेला भिडलेले असेल आणि ती कड गुळगुळीत व रंगीत असेल, तर ऱ्हास बहुधा थांबलेला आहे, आणि थांबलेल्या ऱ्हासावर औषध टाकण्याचा उत्साह आवरावा हे बरे. दाट वाढलेल्या वसाहतीच्या बुंध्याशी, वरच्या फांद्यांच्या सावलीत, ऊती मागे हटतात त्या पुष्कळदा केवळ उजेड आणि प्रवाह पोचत नाही म्हणून.

यानंतर कडेचे निरीक्षण करावे. शक्यतो दिवे बंद झाल्यावर, टॉर्च आणि भिंग हाती घेऊन. प्रवाळ बाहेर काढता येत असेल तर टाकीचेच पाणी घेतलेल्या पांढऱ्या भांड्यात ते धरावे आणि रबरी फुग्याच्या पिचकारीने त्यावर पाण्याचे जोरदार फवारे मारावेत. अ‍ॅक्रोपोरा खाणारे चपटे कृमी या फवाऱ्याने सुटून भांड्याच्या तळाशी येतात. प्रवाळावर बसलेले असताना ते नजरेला येत नाहीत, कारण गिळलेल्या ऊतींचाच रंग त्यांच्या जवळजवळ पारदर्शक अंगात उतरलेला असतो. खुणा मात्र दिसतात: फांदीवर बारीक गोल फिकट ठिपके आणि बुंध्याजवळच्या उघड्या सांगाड्यावर चिकटलेले सोनेरी-तपकिरी अंड्यांचे पुंजके. ताटलीसारख्या वाढणाऱ्या मॉन्टिपोरा प्रवाळाची कड कुरतडल्यासारखी दिसत असेल तर तिची ताटली उलटी करून पाहावी. काही मिलिमीटर लांबीच्या, पाठीवर पांढऱ्या झालरी असलेल्या समुद्री गोगलगायी तिथे सावलीला बसलेल्या सापडतात. डिपच्या द्रावणाने हे जीव मरतात, परंतु अंडी मरत नाहीत. ती ब्लेडने खरवडून काढावी लागतात, किंवा तो बुंधाच कापून टाकावा लागतो, आणि नजरेतून सुटलेल्या अंड्यांतून निघणाऱ्या पिढीसाठी आठवड्याच्या अंतराने डिप पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. नव्या प्रवाळाला एकदा बुडवून काढले की झाले, असे जे सर्रास सांगितले जाते ते म्हणूनच अपुरे आहे.

ऊती एकाच बाजूने गेल्या असतील तर त्या बाजूला शेजारी कोण आहे ते पाहावे. गॅलेक्सिया या प्रवाळाची लांब दंशक शुंडके रात्री कित्येक सेंटिमीटर बाहेर येतात आणि दिवसा पुरेसे वाटलेले अंतर त्यांना अजिबात आड येत नाही. तिथे उपाय एकच, जागा बदलणे. सार्कोफायटॉन आणि सिन्युलेरिया यांसारखी मऊ प्रवाळे स्पर्श न करताही त्रास देतात, कारण ती पाण्यात टर्पीन वर्गातील रसायने सोडतात. सक्रिय कोळसा वापरून आणि तो वेळच्या वेळी बदलून त्याचा बराचसा बंदोबस्त होतो.

युफिलियासारख्या मांसल प्रवाळांची गोष्ट निराळी. त्यांच्या एखाद्या मुंडक्यावर, म्हणजे मोठ्या पॉलिपावर, तपकिरी, बुळबुळीत लगदा दिसू लागतो, पाण्याच्या प्रवाहात त्याच्या चिंध्या हलतात आणि बाहेर काढल्यास त्याला सडल्याचा वास येतो. सूक्ष्मदर्शकाखाली या ‘ब्राउन जेली’चा एक थेंब ठेवला तर त्यात सिलिएट वर्गातील एकपेशीय जीव सैरावैरा फिरताना दिसतात आणि त्यांच्या शरीरात गिळलेल्या झूझँथेलींचे तपकिरी गोळे स्पष्ट ओळखू येतात, लगद्याला तपकिरी छटा येते ती त्यांमुळेच. हे जीव निरोगी ऊतींवर हल्ला करतात की आधीच दुखावलेल्या ऊतींवर तुटून पडतात, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. मात्र लगदा एका मुंडक्यावरून शेजारच्या मुंडक्यावर पसरतो, हे टाकीत डोळ्यांनी दिसते. म्हणून कृमी शोधताना जी पिचकारी उपयोगी पडते तीच इथे घातक ठरते, कारण फवाऱ्याने लगदा टाकीभर उडतो. आधी पंप बंद करावेत, बारीक नळीने लगदा शोषून थेट बाहेरच्या बादलीत सोडावा आणि मगच प्रवाळाला हात लावावा. ज्या जातींत प्रत्येक मुंडके वेगळ्या फांदीवर असते, त्यांत बाधित मुंडके फांदीसकट कापून काढल्यास उरलेली पुष्कळदा वाचतात. भिंतीसारख्या सलग वाढणाऱ्या जातींत ही सोय नसते आणि तिथे यश कमीच येते.

कडेवर कृमी नाहीत, शेजारी दंश करणारे कोणी नाही, लगदाही नाही, अशी खात्री झाली की पाण्याकडे वळावे. आणि तिथे सर्वप्रथम अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, मोजावी, असे माझे ठाम मत आहे. प्रवाळ सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि कार्बोनेट ठरलेल्या प्रमाणात वापरते. अल्कलिनिटी २.८ डीकेएचने (हे तिचे एकक) उतरते तेवढ्यात कॅल्शियम लिटरमागे केवळ २० मिलिग्रॅमने उतरते. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम लिटरला ४१० मिलिग्रॅमच्या आसपास आणि अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या आसपास असते हे लक्षात घेतले, तर कॅल्शियमच्या घरगुती चाचणीत जो फरक कळूनही येणार नाही, त्याच काळात अल्कलिनिटी जवळजवळ ४० टक्क्यांनी घसरलेली असू शकते. त्यामुळे कॅल्शियमचा आकडा बरोबर आला म्हणून पाणी ठीक आहे असे समजण्यात अर्थ नाही. ७ ते ९ डीकेएचमधील कोणताही आकडा चालतो. चालत नाहीत ते हेलकावे. दिवसाला एका डीकेएचपेक्षा जास्त बदल होऊ नये आणि मोजणी रोज एकाच वेळी करावी, कारण दिव्यांच्या वेळात प्रवाळाचा वापर वाढतो आणि सकाळचा आकडा रात्रीच्या आकड्याशी ताडून पाहिल्यास दिशाभूलच होते.

इथे एक दुष्टचक्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण त्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. एखादी मोठी वसाहत मेली, किंवा आजारी पडून वाढायची थांबली, की तिचा रोजचा अल्कलिनिटीचा वापर थांबतो. ती भरून काढणारे द्रावण टाकीत सोडणारा डोसिंग पंप मात्र नेमून दिलेला डोस ओततच राहतो. अल्कलिनिटी चढू लागते. ती चढली की दुसऱ्या वसाहतीच्या टोकांवरच्या ऊती जळाल्यासारख्या होतात आणि पांढरा सांगाडा डोकावू लागतो. ती वसाहतही वाढायची थांबते, वापर आणखी घटतो आणि आकडा आणखी चढतो. पाहणाऱ्याला वाटते की संसर्ग पसरतो आहे. तो अँटिबायोटिक शोधू लागतो, आणि खरा दोषी असलेला पंप कोपऱ्यात बिनबोभाट चालू असतो. म्हणून मोठी वसाहत गेली की त्याच दिवशी अल्कलिनिटी मोजावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावी आणि वापर जेवढा घटला असेल त्या प्रमाणात डोस उतरवावा. मेलेली वसाहतही टाकीत राहू देऊ नये. सडणाऱ्या ऊतींमुळे पाण्यात अमोनिया वाढतो.

टोके जळण्याचा हा प्रकार नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ शून्यावर आणलेल्या टाक्यांत अधिक दिसतो, असा प्रवाळपालकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. पाणी जितके ‘स्वच्छ’ तितके चांगले, या समजुतीपायी कित्येक जण फॉस्फेट शोषणारे माध्यम अखंड चालू ठेवतात. साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेट अपुरे अशा पाण्यात प्रवाळे उष्णता व प्रकाश यांच्या ताणाला लवकर बळी पडून विरंजित होतात, असे दिसून आले होते. घरच्या टाकीत नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम या मर्यादेत असावे. शून्य हा आकडा अभिमानाचा मुळीच नाही.

घाईघाईने केलेल्या मोठ्या पाणीबदलाबद्दलही दोन शब्द. बाजारातील काही समुद्री मिठांच्या ताज्या द्रावणाची अल्कलिनिटी ११ ते १२ डीकेएच भरते. टाकी ८ वर असेल आणि अशा द्रावणाने निम्मे पाणी एका दमात बदलले, तर काही मिनिटांत जवळजवळ दोन डीकेएचचा धक्का बसतो, आणि तोही आधीच कमकुवत झालेल्या प्रवाळाला. पाण्यात एखादे विष गेल्याचा सबळ संशय असेल तर पाणीबदल करावाच. परंतु नव्या पाण्याचे तापमान, खारटपणा आणि अल्कलिनिटी तिन्ही जुळवून.

बाकीच्या तपासण्या लवकर उरकतात. खारटपणा दर हजारी ३५ असावा आणि तो मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाणित द्रावणावर लावलेला असावा. तापमान २५ ते २६ अंश असावे, आणि हीटरवरच्या आकड्यावर न विसंबता ते स्वतंत्र थर्मामीटरने पाहावे. भर घालण्याच्या आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षारमुक्त केलेल्या, पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण) शून्य यावा. एवढे करूनही कारण सापडत नसेल तर पंपांची चुंबके काढून पाहावीत. आवरणाला तडा गेलेल्या चुंबकाचा गंज पाण्यात धातू सोडत राहतो, आणि तांब्यासारखा धातू तर अत्यल्प प्रमाणातही अपृष्ठवंशीय जीवांना मारक ठरतो. नवा एलईडी दिवा बसवल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत वरच्या बाजूच्या ऊती गेल्या असतील, तर उत्तर बहुधा दिव्यातच आहे.

आता तुकड्यावरच्या उपचाराविषयी. ऊती वेगाने सुटत असतील तर वाट पाहण्यात अर्थ नाही. कडेपासून किमान सेंटिमीटरभर अंतर सोडून, पूर्ण निरोगी ऊतींतून बोन कटरने छेद द्यावा. कडेला लागून दिलेला छेद निरुपयोगी ठरतो, कारण बाहेरून रंगीत दिसणाऱ्या तिथल्या ऊती आतून सैल झालेल्या असू शकतात. कापलेले तुकडे टाकीच्याच पाण्यात हलवून चिकट स्राव धुवून काढावा, आयोडीनच्या सौम्य डिपमध्ये उत्पादकाने सांगितलेल्या वेळेइतकेच ठेवावेत आणि मग चांगला प्रवाह व मध्यम प्रकाश असलेल्या जागी, शक्य असल्यास वेगळ्या टाकीत, एकमेकांपासून दूर लावावेत. एका जागी ठेवलेले सगळे तुकडे एकदम जाण्यापेक्षा, दोन-तीन ठिकाणी विखुरलेल्यांपैकी काही वाचण्याची आशा अधिक. संथ ऱ्हासात, वसाहत कापणे शक्य नसेल तर, कडेवर आणि तिच्या पलीकडच्या निरोगी ऊतींच्या बारीक पट्टीवर जेल स्वरूपातील सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाचा थर देतात. हा गोंद पाण्यातही घट्ट बसतो आणि काही वेळा ऱ्हास तिथेच अडतो. हमखास म्हणावा असा उपाय यांपैकी एकही नाही. अ‍ॅक्रोपोराचा वेगवान ऱ्हास सुरू झाल्यावर कित्येकदा टोकाचे दोन-तीन तुकडे हाती लागतात, कित्येकदा तेही लागत नाहीत.

अँटिबायोटिकांचा मुद्दा शेवटी घेतला, कारण तो खरोखर शेवटीच यायला हवा. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, मायामीजवळ, २०१४ मध्ये दगडी प्रवाळांच्या ऊती नष्ट करणारा एक रोग आढळला आणि पुढे तो कॅरिबियन समुद्रात दूरवर पसरला. वीसहून अधिक जातींना तो होतो आणि त्याचा कारक अजूनही निश्चित झालेला नाही. तिथे पाणबुडे अ‍ॅमॉक्सिसिलिन मिसळलेला चिकट लेप थेट प्रवाळाच्या बाधित कडेवर हाताने दाबून बसवतात, म्हणजे औषध जखमेपाशी टिकावे आणि आजूबाजूच्या पाण्यात कमीत कमी जावे. त्याने बरेच व्रण थांबतात. पण त्याच वसाहतीवर नवे व्रण येतात, तेव्हा पुन्हा जाऊन लेप द्यावा लागतो. अथांग समुद्रातही जे औषध कडेपुरते जपून वापरले जाते, तेच आपण काही शे लिटरच्या टाकीत गोळ्यांची पूड करून सरसकट टाकावे, याला काय म्हणावे? अशाने अमोनियाचे नायट्रेट करणारे टाकीतले उपयुक्त जिवाणू धोक्यात येतात, औषधाला न जुमानणारे जिवाणू पोसले जातात आणि ते पाणी अखेर गटारात जाते. अँटिबायोटिक द्यायचेच ठरले, तर जलचरांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाला विचारून, स्वतंत्र भांड्यात, एकेका तुकड्याला द्यावे. आणि जिवाणूंचा संशय कशावरून आला, हे आधी स्वतःला सांगता आले पाहिजे.

आपल्या दैनिकात छंदविषयक लेखनाला जागा मिळत असते, म्हणून दोन विनंत्या करतो. प्रवाळांविषयी प्रश्नोत्तरे छापताना प्रश्नकर्त्याकडून केवळ छायाचित्र न मागवता मागील आठवड्याचे अल्कलिनिटी, खारटपणा आणि तापमान यांचे रोजचे आकडे, तसेच त्या काळात टाकीत काय काय बदलले याची यादीही मागवावी. त्याविना दिलेले उत्तर हा निव्वळ अंदाज असतो. दुसरी विनंती आपल्यामार्फत प्रवाळ विकणाऱ्यांना आणि आपसांत तुकडे देणाऱ्या-घेणाऱ्यांना आहे: प्रत्येक तुकड्यासोबत तो ज्या पाण्यात वाढला त्याची अल्कलिनिटी व खारटपणा, तो किती प्रकाशात ठेवला होता, आणि त्याला शेवटचा डिप कधी व कशाचा दिला, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे.

आपला,
एक प्रवाळपालक वाचक